सारे काही चालते का?

रविवारच्या मिस्सानंतर भरणाऱ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात नववीतल्या एका मुलाने हात वर केला. शाळेत विज्ञानाच्या सरांनी सांगितले होते की या विश्वात स्थिर असे काहीच नाही. पृथ्वी फिरते, सूर्य फिरतो, दगडातले अणूसुद्धा हलत असतात. "मग देवही हलतो का?" असे त्याने विचारले. वर्गातली मुले हसली. शिकवणाऱ्या ताईंनी पुढच्या रविवारी उत्तर देण्याचे कबूल करून वेळ निभावून नेली आणि तो प्रश्न आमच्याकडे आणून दिला.

त्याच आठवड्यात आजाऱ्यांच्या भेटीसाठी आम्ही चांदे येथे गेलो होतो. नांदे-चांदे परिसरात आपल्या धर्मग्रामाची काही कुटुंबे राहतात. त्यांपैकी एक कुटुंब अहिल्यानगर जिल्ह्यातून कामासाठी इकडे आलेले. घरधनी गवंडीकाम करीत. पाच वर्षांपूर्वी ते परांचीवरून पडले, पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचे अंग निकामी झाले. तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत. प्रार्थना झाली, पवित्र कम्युनियन दिले, चहा झाला. बोलता बोलता आम्ही त्या मुलाचा प्रश्न गंमत म्हणून सांगितला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळे जग हलते म्हणता ना? मग आमच्या घरात येऊन बघा. इथे पाच वर्षांत काहीच हललेले नाही."

एका मुलाचा प्रश्न आणि एका पत्नीचे उत्तर. दोन्ही आम्ही मनात घेऊन परतलो. या दोहोंत खरे कोणते? आणि सर्वच हलत असेल तर माणसाने धरून राहावे असे काय उरते? आपल्या मराठीत 'चालते' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे गतीत असणे, दुसरा म्हणजे 'काही हरकत नाही'. "सारे काही चालते" असे म्हणताना आपण पहिल्या अर्थावरून दुसऱ्यावर केव्हा घसरतो ते आपल्याही लक्षात येत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ विज्ञानाच्या वर्गातला नाही.

प्रथम सरांची बाजू पाहू. आपण मिस्सासाठी देवळात साधारण तासभर बाकावर बसतो. आपल्या मते आपण जागचे हललेलो नसतो. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे पुण्याच्या अक्षांशावर बसलेला प्रत्येक माणूस त्या एका तासात सुमारे १,५८० किलोमीटर पूर्वेकडे गेलेला असतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर वेगाने धावते. म्हणजे प्रवेशगीतापासून अखेरच्या आशीर्वादापर्यंत आपण सर्वांनी मिळून एक लाख किलोमीटरहून जास्त प्रवास केलेला असतो. स्वतः सूर्य आपल्या ग्रहांना घेऊन आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला २०० किलोमीटरहून अधिक वेगाने जात आहे आणि त्याची एक प्रदक्षिणा पूर्ण व्हायला वीस कोटींहून अधिक वर्षे लागतात.

मोठ्याकडून लहानाकडे वळलो तरी तेच दिसते. १८२७ साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली परागकणांमधले बारीक कण पाण्यात सतत थरथरताना दिसले. त्यांना ढकलणारे पाण्याचे रेणू आहेत हे १९०५ साली आईन्स्टाईनने गणिताने दाखवले. ज्या बाकावर आपण बसतो त्याच्या लाकडातील अणूही क्षणभर स्वस्थ नसतात. शून्याखाली २७३ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे थंडीच्या शेवटच्या सीमेपर्यंत पदार्थ थंड करत नेला तरी अणूंची काही हालचाल उरतेच. हेलियम हा वायू थंड होऊन द्रव झाला की साध्या दाबाखाली कितीही थंड केला तरी गोठत नाही, त्याचे कारण हेच.

येथे आपल्या घरची एक चूक मोकळेपणाने सांगितली पाहिजे. पृथ्वी फिरते हे कोपर्निकसने १५४३ साली ग्रंथरूपाने मांडले. तो ख्रिस्तसभेच्याच सेवेत असलेला, एका कॅथीड्रलच्या अधिकारी मंडळाचा सदस्य होता. तरीही पुढे १६३३ साली हेच मत मांडले म्हणून गॅलिलिओला दोषी ठरवण्यात आले. पृथ्वी ढळत नाही अशा अर्थाची वचने बायबलमध्ये आहेत, ती खगोलशास्त्राचे धडे म्हणून वाचली गेली. ती माणसे देव आपल्या शब्दाला जागतो हे सांगत होती, पृथ्वीच्या वेगाचे मोजमाप देत नव्हती. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या वेळच्या ईशज्ञानपंडितांची चूक जाहीरपणे मान्य केली. स्थिर काय आहे हे ओळखण्यात आपण चुकू शकतो, हा त्या प्रकरणाचा धडा.

तीच चूक आपण आजही करतो, पण वेगळ्या जागी. कायद्याच्या भाषेत मालमत्तेचे दोन प्रकार असतात, जंगम आणि स्थावर. दागिने, गाडी, गुरेढोरे ही जंगम. जमीन आणि घर ही स्थावर. मुळशी तालुक्यातल्या माणसाला मात्र 'स्थावर' या शब्दाचे हसू यावे. १९२१ ते १९२४ या काळात याच तालुक्यात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, कारण त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची स्थावर जमीन टाटांच्या वीजनिर्मितीसाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाखाली जाणार होती. ती गेलीच. आज चांदे परिसरात पाणी वाढत नाही, पण शहर वाढते आहे. हिंजवडीचा आयटी पार्क झाल्यापासून आजूबाजूच्या गावांत भात पिकवणारी जमीन गुंठ्यांनी विकली गेली. सातबाऱ्यावरची नावे बदलली, बांध पुसले गेले, ज्या शेतावर भावाभावांत भांडण झाले ते शेतही आता ओळखू येत नाही. भांडण मात्र राहिले आहे.

आणि जमिनीखालचा खडक? तोही प्रवासीच आहे. मुळशीचे डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे आहेत तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या रूपाने वर आला. लाव्हा थंड होताना त्यात पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा उमटून राहते. १९५० च्या दशकात दख्खनच्या खडकांतील हे चुंबकत्व मोजले गेले, तेव्हा कळले की हा पाषाण तयार झाला त्या वेळी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. तेथून ती उत्तरेकडे सरकत येथवर आली, आणि अजूनही वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर या गतीने सरकते आहे. आपली नखे वाढतात, जवळजवळ तितक्याच गतीने. ज्याला आपण स्थावर म्हणून कोर्टात जातो ते असे आहे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, सर जिंकले, बाई हरल्या. पण थांबा. गतीविषयी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती गॅलिलिओनेच प्रथम नीट समजावून सांगितली. समुद्र शांत असताना एकसारख्या वेगाने चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीत बसलेल्या माणसाला, खोलीतल्या कोणत्याही प्रयोगाने, जहाज चालते आहे की उभे आहे हे ठरवता येत नाही. गती ही नेहमी कशाच्या तरी संदर्भात असते. एसटीत आईच्या मांडीवर झोपलेले बाळ रस्त्याच्या दृष्टीने ताशी साठ किलोमीटरने धावत असते, आईच्या दृष्टीने ते स्थिर असते. दोन्ही खरे. म्हणून 'सारे काही हलते का?' हा प्रश्न तसाच विचारला तर अर्धवट राहतो. 'कोणाच्या संदर्भात?' हे त्याच्याबरोबर विचारावेच लागते. त्या बाईंच्या घरात काही हलत नाही हे त्यांच्या खोलीच्या संदर्भात खरे आहे, आणि ते खोटे ठरवण्याचा आकाशगंगेला अधिकार नाही.

येथे आपल्यातले काही जण घाईने पुढची उडी मारतात. गती सापेक्ष, म्हणून सत्यही सापेक्ष, म्हणून नीतीही सापेक्ष. काळ बदलला, आता सारे चालते. लग्नाचे वचन दिले होते तेव्हा परिस्थिती वेगळी होती. म्हाताऱ्या वडिलांना सांभाळायचे ठरले होते, पण आता घर लहान आहे. हा युक्तिवाद विज्ञानाचे नाव घेतो, परंतु विज्ञानाने त्याला आधार दिलेला नाही. आईन्स्टाईनचा सापेक्षतेचा सिद्धांत ज्या पायावर उभा आहे तो पायाच न बदलणारा आहे. निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर. तो पाहणारा उभा असो की धावत असो, सर्वांना तो सारखाच मोजता येतो. गती ज्याच्या त्याच्या संदर्भात वेगळी दिसते, पण गतीचे नियम सर्वांना एकच आहेत. नियमाला वजन नाही, जागा नाही, म्हणून तो हलतही नाही. म्हणजे 'विश्वात सारे हलते' हे विधान वस्तूंपुरते खरे आहे. विश्वात असलेले सारे काही वस्तूच असते असे नाही. दिलेला शब्द ही वस्तू नव्हे.

आता विश्वाच्या विस्ताराकडे वळू. विश्व प्रसरण पावत आहे, दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे १९२७ साली मांडणाऱ्या जॉर्ज लमेत्र यांच्याबद्दल आपल्या मुलांना अवश्य सांगावे. ते बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९२९ साली हबल यांच्या निरीक्षणांनी या प्रसरणाला बळकटी दिली, आणि २०१८ साली जगातील खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून त्या नियमाच्या नावात हबल यांच्याबरोबर लमेत्र यांचेही नाव जोडण्याची शिफारस केली. आपल्या पुण्यात आयुका ही संस्था उभारणारे डॉ. जयंत नारळीकर यांना महास्फोटाचा सिद्धांत पटत नव्हता. २०२५ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांनी आपल्या शंका सोडल्या नाहीत. पण त्यांनी पुरस्कारलेल्या विश्वातही दीर्घिका दूर जातच होत्या. सुरुवात होती की नव्हती यावर मतभेद, गतीवर एकमत. येथे एक योगायोग सांगावासा वाटतो. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते आणि पुढच्याच, २०२१ सालच्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष डॉ. नारळीकर. मराठीने एका धर्मगुरूला आणि एका खगोलशास्त्रज्ञाला लागोपाठ एकाच खुर्चीवर बसवले, आणि कोणाचेही काही बिघडले नाही.

विश्वाच्या या प्रसरणात एक बारकावा आहे. सगळेच एकमेकांपासून दूर जाते असे नाही. जे गुरुत्वाकर्षणाने एकमेकांशी बांधलेले आहे ते प्रसरणात फाटत नाही. सूर्यमाला पसरत नाही, आपली आकाशगंगा पसरत नाही. शेजारची देवयानी दीर्घिका तर आपल्याकडे येते आहे. दूर जाते ते फक्त न बांधलेले. पुणे शहर आज असेच पसरते आहे. बाणेर, म्हाळुंगे, नांदे, चांदे. दर वर्षी आपल्यातले काही जण आणखी पुढे राहायला जातात. जागा वाढली म्हणून माणसे दुरावली, असे आपण म्हणतो. पण जागा फक्त न बांधलेल्यांना दुरावते. ज्या कुटुंबाला आम्ही भेटलो त्याच्याकडे मागच्या नाताळनंतर आपल्यापैकी कोणी गेले नव्हते. अंतर तेवढेच होते, रस्ता तर आधीपेक्षा चांगला झाला होता.

आता त्या मुलाचे उत्तर. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात आपल्या प्रसिद्ध ग्रंथात देवाच्या अस्तित्वाकडे नेणाऱ्या पाच वाटा सांगितल्या. त्यांतली पहिली गतीवरून निघते. पुष्कळांना वाटते की थॉमस यांच्या मते देव हा पहिला धक्का देणारा आहे, रांगेतल्या पहिल्या विटेला ढकलणाऱ्यासारखा. तसे असते तर न्यूटननेच त्यांना निरुत्तर केले असते, कारण एकदा सुरू झालेली सरळ आणि एकसारखी गती टिकवायला कोणी ढकलत राहावे लागत नाही. परंतु थॉमस यांच्या भाषेत गती म्हणजे केवळ जागा बदलणे नव्हे. जे होऊ शकते ते प्रत्यक्ष होणे, म्हणजे गती. लाकूड तापू शकते. अग्नीने ते तापते, ही गती. मूल शिकू शकते. ते शिकते, ही गती. म्हणजे जिथे काही उणे आहे, अजून व्हायचे आहे, तिथेच गती असते. देवात उणे काही नाही, म्हणून तो हलत नाही. डोंगर हलत नाही तसा नव्हे. डोंगर तर हलतो हे आपण वर पाहिले. प्रेम पूर्ण असेल तर त्याला आणखी कुठे जायचे राहत नाही, तसा.

आणि तरीही त्या मुलाला एवढे सांगून थांबता येणार नाही, कारण आपण ख्रिस्ती आहोत. जो हलत नाही तोच आपल्यासाठी चालू लागला, असा आपला विश्वास आहे. प्रभू येशू गालीलपासून येरुशलेमपर्यंत धुळीच्या वाटेने पायी चालला. आजाऱ्यांच्या घरी तो स्वतः गेला. आणि शेवटी? शेवटी हात आणि पाय खिळलेले, बोटभरही हलता येत नाही अशा अवस्थेत त्याने जगाचे तारण केले. जे हालचाल करू शकत नाहीत त्यांचे आयुष्य वाया गेले, असे वधस्तंभासमोर गुडघे टेकणाऱ्याला म्हणता येत नाही.

उरले त्या बाईंचे बोलणे. आम्ही निघालो तेव्हा अंधार पडला होता आणि गावावर चंद्र वर आला होता. गावाच्या नावातही चांद ऐकू येतो. चंद्राची एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे की तो नेहमी आपल्याला एकच बाजू दाखवतो. पाहणाऱ्याला वाटते, तो स्वतःभोवती फिरतच नाही. खरे उलट आहे. पृथ्वीभोवती एक फेरी घालायला त्याला २७ दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो आणि स्वतःभोवती एकदा फिरायलाही नेमका तेवढाच. तो फिरायचा थांबला तर महिन्यातून एकदा त्याची पाठ आपल्याकडे होईल. त्याचे तोंड आपल्याकडे राहते, कारण तो सतत, थोडा थोडा, वळत असतो. आपल्याला जे न हलणे वाटते ते त्याचे वळत राहणे आहे.

हे लक्षात आल्यावर आम्हाला त्या खोलीत पाहिलेली एक गोष्ट आठवली. आम्ही तासभर तिथे होतो. त्या अवधीत बाई एकदा उठल्या, नवऱ्याच्या पाठीखाली हात घातला आणि त्यांची कूस बदलली. अंथरुणावरच्या माणसाच्या अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी हे करावे लागते. दिवसा आणि रात्रीही. पाच वर्षे. आपल्या घरात काहीच हललेले नाही असे म्हणणारी ही बाई दिवसातून बारा वेळा एका माणसाला वळवते, आणि त्यासाठी स्वतः त्याच्याकडे वळते. लग्नाच्या दिवशी वेदीसमोर दिलेला शब्द जागचा हललेला नाही, कारण तो पाळणारी व्यक्ती क्षणभरही थांबलेली नाही.

तेव्हा मुलाला आम्ही असे सांगू: बाळा, तुझे सर बरोबर आहेत, विश्वातली प्रत्येक वस्तू गतीत आहे. देव वस्तू नाही, म्हणून त्या यादीत तो येत नाही. आणि माणसाचे म्हणशील तर त्याला गतीतून सुटका नाही. कोणाकडे वळायचे आणि कोणापासून दूर जायचे, एवढेच त्याच्या हाती आहे. बाईंना मात्र काही सांगावे अशी आमची योग्यता नाही. रात्रीच्या दोन वाजताच्या पाळीला कोणी तरी त्यांच्याऐवजी उठले, तर ते सांगण्यापेक्षा बरे.

आपल्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्यांची यादी कार्यालयात आहे. ती वाचायला दोन मिनिटे लागतात. येत्या रविवारी मिस्सानंतर, एक लाख किलोमीटरचा प्रवास करून आपण देवळाबाहेर पडू, तेव्हा उरलेले थोडे किलोमीटर कोणत्या दिशेने जायचे ते प्रत्येकाने ठरवावे. चांद्याच्या रस्त्याला दोघे-तिघे लागले तरी पुष्कळ झाले. प्रभू आपली पावले वळवो.